लाली गेली, सूज राहिली

सोलापुरात डोळा लाल व्हायला निमित्त शोधावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो, रस्त्यावरची धूळ असते, पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये दिवसभर सुताचे तंतू उडत असतात, आणि पावसाळ्यात डोळे येण्याची साथ ठरलेलीच. त्यामुळे लाल डोळ्याला कुणी दचकत नाही. थंड पाण्याचे हबके मारायचे, गुलाबपाणी घालायचं, फार तर मेडिकलमधून ड्रॉप्सची बाटली आणायची आणि चार दिवस काढायचे. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतंही. पण लाल डोळ्याचा एक प्रकार असा आहे, ज्यात हे चार दिवस फार महाग पडतात. डोळ्याच्या आत येणारी ही सूज. डॉक्टर तिला ‘युव्हायटिस’ म्हणतात, आणि ती बुबुळापुरती असली तर केस पेपरवर ‘आयरायटिस’ असं लिहिलेलं दिसतं.

डोळे आले की सहसा दोन्ही डोळे धरतात. चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात, वाळू गेल्यासारखं खुपतं, पण चिपडं पुसली की दिसायला पहिल्यासारखं दिसतं. आतली सूज वेगळी वागते. बहुधा एकच डोळा लाल होतो आणि लाली पांढऱ्या भागावर सगळीकडे सारखी न पसरता बुबुळाच्या कडेभोवती दाट, किंचित जांभळट दिसते. चिपडं नसतात, नुसतं पाणी येतं. दुखणं खोलवरचं असतं, भुवईपर्यंत ठणकतं. नजर धूसर होते. आणि उजेड सहन होत नाही.

या उजेडाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. उजेड पडला की बाहुली आकसते, म्हणजे सुजलेल्या बुबुळाला हालचाल करावी लागते, आणि ती हालचालच दुखते. आपल्या दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात. त्यामुळे चांगल्या डोळ्यावर बॅटरी मारली तरी झाकलेल्या आजारी डोळ्यात कळ येते. वरवरच्या लालीत असं होत नाही. घरी बॅटरी घेऊन निदान करत बसावं असा याचा अर्थ नाही, पण दुखतंय ते वर नाही, आत आहे, हे यातून नेमकं कळतं. एकाच डोळ्यात लाली, ठणका, धूसरपणा आणि उजेडाचा त्रास अशी चौकडी जमली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवं. सोबत डोकं फुटल्यासारखं दुखून उलट्या होत असतील, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. त्याला तर तासांचाही उशीर चालत नाही.

आता आत नेमकं काय होतं ते पाहू. डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या आवरणाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो. पुढे दिसणारं रंगीत बुबुळ हा त्याचाच भाग. बुबुळाच्या मागे स्नायूंचं एक कडं असतं, ते भिंगाचा आकार बदलतं आणि डोळ्यातलं पाणी तयार करतं. आणखी मागे, दृष्टिपटलाच्या पाठीशी, त्याला रक्त पुरवणारा भाग असतो. या संपूर्ण थराला, किंवा त्याच्या एखाद्या भागाला सूज येणं म्हणजे युव्हायटिस. पुढच्या भागाला आली तर डोळा लाल होतो आणि दुखतो. मधल्या किंवा मागच्या भागाला आली तर डोळा बाहेरून स्वच्छ दिसू शकतो. तेव्हा फक्त नजर मंद होते, किंवा डोळ्यापुढे काळे ठिपके, जाळी तरंगू लागते.

निरोगी डोळ्यात रक्त आणि आतलं पाणी यांच्यामध्ये कडक पहारा असतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातली प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी सहसा पलीकडे जात नाहीत. म्हणून तर ते पाणी नितळ राहतं आणि आपल्याला दिसतं. सूज आली की हे सांधे सैल होतात आणि प्रथिनं, पांढऱ्या पेशी पाण्यात उतरतात. शरीर हे करतं ते जंतूशी लढण्यासाठी. पायाला जखम झाली तर अशीच सूज येते, आठवडाभरात ओसरते आणि आपण विसरून जातो. डोळ्यात मात्र जागा अगदी थोडी असते आणि तिथलं सगळं काम पारदर्शकतेवर चालतं. लढाई जिंकली तरी व्रण राहतो आणि त्या व्रणातून दिसत नाही. शिवाय अनेकदा समोर जंतू नसतोच, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच डोळ्यावर उठलेली असते.

हे उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी स्लिट लॅम्प लागतो, म्हणजे हनुवटी आणि कपाळ टेकवून ज्याच्यासमोर बसायचं ते यंत्र. प्रकाशाची अरुंद फट डोळ्यात तिरकी सोडायची ही कल्पना स्वीडनच्या आल्वार गुलस्ट्रांड यांनी १९११ साली मांडली. त्याच वर्षी डोळ्यात प्रकाश कसा वळतो यावरच्या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मागाच्या अंधाऱ्या शेडमध्ये पत्र्याच्या भोकातून कवडसा पडला की एरवी न दिसणारे सुताचे तंतू त्यात तरंगताना दिसतात. स्लिट लॅम्पच्या झोतात डॉक्टरांना डोळ्यातल्या पाण्यात तसेच तरंगणारे कण दिसतात. त्या पांढऱ्या पेशी. आणि झोत धुरकट दिसत असेल तर पाण्यात प्रथिनं उतरलेली आहेत.

या पेशी चक्क मोजतात. एक मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद अशा झोतात एकही पेशी दिसली नाही तर श्रेणी शून्य. १ ते ५ दिसल्या तर अर्धा, ६ ते १५ म्हणजे १, १६ ते २५ म्हणजे २, २६ ते ५० म्हणजे ३ आणि त्यापुढे ४. जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलेली ही मोजपट्टी २००५ साली प्रसिद्ध झाली आणि आता सगळीकडे तीच वापरतात. केस पेपरवर ‘सेल्स २+’ असं काही खरडलेलं दिसलं तर ते हेच असतं. या आजाराची जवळजवळ सगळी शिस्त या आकड्यात आहे, कारण सूज किती आहे हे रुग्णाला कळत नाही. त्याला ठणका आणि लाली कळते. दोन्ही गोष्टी उपचार सुरू झाल्यावर काही दिवसांतच जातात. पेशी तेव्हाही पाण्यात असतात.

पहिल्या दिवशी साधारणपणे दोन बाटल्या मिळतात. एक बाहुली मोठी करणारी, उदाहरणार्थ होमॅट्रोपिन किंवा ॲट्रोपिन. हे औषध सूज कमी करण्यासाठी मुख्यतः नसतंच. आखडलेले स्नायू ते सैल करतं, म्हणून ठणका थांबतो. त्याहून मोलाचं काम दुसरं. सुजलेल्या बुबुळातून चिकट स्राव सुटतो आणि बुबुळ मागच्या भिंगाला चिकटू लागतं. चिकटलं की बाहुली वेडीवाकडी होते. सगळ्या बाजूंनी चिकटलं तर पाणी पुढे यायची वाटच बंद होते आणि डोळ्याचा दाब झपाट्यानं चढतो. बाहुली मोठी आणि हलती ठेवली तर चिकटायला सवड मिळत नाही, नुकतंच चिकटलेलं सुटूही शकतं. उशिरा आलेल्या रुग्णात हे सुटणं अवघड असतं, म्हणून मी सुरुवातीला त्या चार दिवसांना महाग म्हटलं. या थेंबांनी जवळचं वाचता येत नाही आणि उजेडात डोळे दिपतात. औषध काम करत असल्याची ती खूण आहे, घाबरून बंद करू नये. आपल्याकडच्या बांधावरच्या धोतऱ्यातही याच जातीची द्रव्यं असतात. धोतऱ्याला हात लावून तोच डोळ्याला लागला की बाहुली मोठी होते ती त्यामुळेच. कुणी धोतऱ्याचा उपाय सांगितला तर मात्र अजिबात ऐकू नका. बाटलीतलं प्रमाण मोजलेलं असतं, झाडातलं नसतं.

दुसरी बाटली स्टिरॉइडची, बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का. सूज उतरवणारं खरं औषध हे. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन दिलं आणि वैद्यकाचं एक नवं दालन उघडलं. १९५० सालचं नोबेल त्यांना आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना मिळालं. लवकरच हे औषध डोळ्यासाठी आलं. त्याआधी काय होतं? ॲट्रोपिन होतं, शेक होता, आणि दुधाचं किंवा मेलेल्या जंतूंचं इंजेक्शन देऊन मुद्दाम ताप आणण्याचा उपचार होता. तेवढ्यावर भागवावं लागत होतं आणि कित्येकांची दृष्टी जात होती.

पहिले काही दिवस हे थेंब दर तासाला घालावे लागतात. औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, बारीक कणांच्या रूपात असतं आणि तळाशी बसतं. बाटली नीट हलवली नाही तर वरचं पाणी डोळ्यात जातं आणि औषध बाटलीतच राहतं. थेंब एकच पुरतो. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटानं दाबून धरायचा, दुसरं औषध पाच मिनिटांनी घालायचं. ज्या घरात आई-वडील दोघंही कामावर जातात, तिथे दर तासाच्या थेंबाची जबाबदारी कुणाची हे पहिल्याच दिवशी ठरवलेलं बरं.

चार-पाच दिवसांत ठणका जातो, आठवड्यात लाली फिकी होते, आणि खरी अडचण इथून सुरू होते. रुग्णाला वाटतं, बरं झालं. पगार बुडालेला असतो, रिक्षाचे पैसे लागतात, तपासणीला रांग असते. तो थेंब बंद करतो. स्लिट लॅम्पखाली पाहिलं असतं तर अजून दहा-बारा पेशी दिसल्या असत्या. औषध एकदम थांबलं की त्या पुन्हा वाढतात. म्हणून स्टिरॉइड पायरी-पायरीनं उतरवतात, तासाला एकवरून दिवसातून सहा वेळा, मग चार, तीन, दोन, एक. हा उतार अनेक आठवडे चालतो आणि प्रत्येक पायरीआधी पेशी मोजलेल्या असाव्या लागतात. सूज ‘शमली’ असं म्हणायचं ते औषध पूर्ण बंद होऊन तीन महिने डोळा शांत राहिल्यावरच.

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते. गेल्या वेळी जादू झाली म्हणून तीच बाटली घरात ठेवली जाते आणि डोळा लाल झाला की कुणाच्याही डोळ्यात घातली जाते. आपला जिल्हा उसाचा. उसाचं पान डोळ्याला लागलं तर पारपटलावर, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर, जखम होते आणि त्यात बुरशी वाढू शकते. अशा डोळ्यात स्टिरॉइड घातलं की लाली कमी दिसते आणि बुरशी मोकळी सुटते. नागिणीच्या जातीच्या विषाणूनं झालेल्या व्रणाचंही तेच. शिवाय स्टिरॉइडनं सुमारे तिघांतल्या एकाच्या डोळ्याचा दाब कमी-जास्त चढतो. नेहमीचा दाब १० ते २१ च्या दरम्यान असतो. काहींत तो याच्या कितीतरी वर जातो आणि दुखत नसल्यामुळे कळत नाही. दीर्घकाळ वापरलं तर मोतीबिंदूही होतो. म्हणून दर तपासणीत पेशींबरोबर दाबही मोजायचा. हे औषध वाईट नाही. मोजमापाशिवाय वापरणं वाईट आहे.

सूज का आली, हा प्रश्न उपचाराच्या जोडीनं चालत राहतो. पहिलाच झटका, एकच डोळा, सौम्य सूज, इतर काही त्रास नाही, अशा वेळी अनेक डॉक्टर तपासण्यांचा भडिमार करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पुन्हा पुन्हा येत असेल, दोन्ही डोळ्यांत असेल किंवा मागच्या भागात असेल, तर मात्र शोध घ्यावा लागतो. तेव्हा नेत्रतज्ज्ञ कंबरेची चौकशी करू लागले तर नवल वाटू देऊ नका. तरुण माणसाची कंबर पहाटे धरलेली असते आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते, हे मणक्याच्या संधिवाताचं लक्षण आहे. एचएलए-बी२७ हे आनुवंशिक चिन्ह असलेल्यांत हा वात आणि डोळ्याची सूज हातात हात घालून येतात. तोंड येणं, अंगावरचे चट्टे, कानात आवाज, बारीक ताप, अलीकडे येऊन गेलेली साथ, सगळंच विचारलं जातं.

साथीचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्याचं नाव वैद्यकीय ग्रंथांत आहेच. भारतात चिकुनगुन्या पहिल्यांदा १९६३ मध्ये कोलकात्यात दिसला. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली, तिचा अभ्यास पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केला. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ हा आजार देशातून जणू नाहीसा झाला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि कर्नाटक, आंध्र, महाराष्ट्रात लाखो लोकांचे सांधे धरले. त्या वेळी बंगळुरू आणि मदुराईच्या नेत्रतज्ज्ञांना लक्षात आलं की ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी काही रुग्णांना आयरायटिस होतोय, काहींच्या दृष्टिपटलालाही सूज येतेय. पुढच्या भागाची ही सूज बहुधा थेंबांनी आटोक्यात येते. बार्शीच्या साथीत असे डोळे नसतील असं मला वाटत नाही. सांधेदुखीच्या गदारोळात लाल डोळ्याकडे कोण पाहणार? म्हणून डेंगी, चिकुनगुन्या किंवा दुसरा कुठला मोठा ताप येऊन गेल्यावर महिना-दीड महिन्यात नजर धूसर झाली, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये.

क्षयाचा प्रश्न यापेक्षा किचकट. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि क्षय डोळ्यातही सूज आणतो. पण डोळ्यातून जंतू क्वचितच हाती लागतो. मँटू चाचणीत हातावर गाठ उठली म्हणून डोळ्याचा आजार क्षयाचाच ठरत नाही, कारण आपल्याकडे असंख्य निरोगी लोकांचीही ती उठते. त्यामुळे डोळ्यातली खूण, मँटू किंवा रक्ताची चाचणी, छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन, सगळं एकत्र मांडून निर्णय घ्यावा लागतो. ठरलं तर क्षयाची औषधं सहा ते नऊ महिने, कधी त्याहून जास्त. ती सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. त्यातलं इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला त्रास देऊ शकतं, म्हणून मधूनमधून रंग ओळखण्याची तपासणी होते. लाल रंग फिका वाटू लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. हा शोध स्टिरॉइडच्या गोळ्यांआधी घ्यावा लागतो, कारण जंतू आत असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर सूज दबते आणि जंतू फोफावतो. उपदंशाची साधी रक्तचाचणीही याच कारणानं करतात. तिचा कुणी चारित्र्याशी संबंध जोडू नये.

मागच्या भागातल्या सुजेपर्यंत थेंब पुरेसे पोचत नाहीत. तिथे डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन किंवा पोटातून गोळ्या द्याव्या लागतात. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरुवातीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १ मिलिग्रॅमपर्यंत दिल्या जातात, मग हळूहळू उतरवतात. त्या काळात साखर आणि रक्तदाब पाहत राहायचं. गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, कारण शरीरानं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं आणि ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. महिनोन्‌महिने गोळ्या लागणार असतील तर दुसरं औषध जोडून स्टिरॉइड कमी करतात. त्यातलं जुनं आणि स्वस्त म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते नव्या, महाग मायकोफेनोलेटपुढे कमी पडतं का, हे पाहण्यासाठी २१६ रुग्णांवर एक आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. त्यात मदुराई आणि कोइमतूरच्या अरविंद नेत्र रुग्णालयांचे रुग्णही होते. २०१९ मध्ये निकाल आला, मेथोट्रेक्सेट कमी पडलं नव्हतं. आपल्यासारख्या शहरातल्या रुग्णाला याहून उपयोगी निकाल कोणता असणार?

पण मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेततं, आणि असं घडतं. पाकिटावर वार मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, सोलापुरात तर मराठी, कन्नड, तेलुगू यांतल्या ज्या भाषेत घर वाचतं त्या भाषेत लिहा. दारू वर्ज्य, दिवस राहणार असतील तर आधी डॉक्टरांना सांगायचं, आणि यकृताची, रक्ताची तपासणी ठरल्या तारखेला करायची. एवढ्यानंही सूज बधली नाही तर अडॅलिम्युमॅबची इंजेक्शनं आहेत. अमेरिकेत युव्हायटिससाठी त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. त्याची जगातली पहिली कमी किमतीची आवृत्ती २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसनं आणली. तरीही खर्च बराच आहे, आणि सुप्त क्षय जागा होऊ शकतो म्हणून आधी क्षयाची तपासणी सक्तीची.

लहान मुलांबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. काही मुलांना, विशेषतः लहान मुलींना, गुडघा किंवा घोटा सुजण्याचा संधिवात होतो. त्यातल्या काहींच्या डोळ्यात सूज येते आणि डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल काही सांगत नाही. बाहुली चिकटल्यावर, मोतीबिंदू पांढरा दिसू लागल्यावर किंवा शाळेत फळा दिसेना झाल्यावर कळतं, तोवर पुष्कळ काही गेलेलं असतं. म्हणून अशा मुलांचे डोळे तक्रार नसतानाही काही महिन्यांच्या अंतरानं, धोका जास्त असेल तर दर तीन महिन्यांनी, स्लिट लॅम्पवर पाहावे लागतात. सांध्यांचा त्रास थांबला तरी हे काही वर्षं चालू ठेवायचं. पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जाण्याची गरज दर वेळी नसते. पेशी मोजणं इथल्या नेत्रतज्ज्ञांकडे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही होऊ शकतं. गुंतागुंतीचा निर्णय असला तर मोठ्या केंद्राचं मत घ्यावं, आणि सगळे जुने केस पेपर तारखांच्या क्रमानं लावून सोबत न्यावेत. त्या कागदांवरच्या आकड्यांवरूनच डोळा कधी शांत होता आणि कोणत्या पायरीवर बिघडला हे कळतं.

या सुजेनं मोतीबिंदू झाला तर त्याची शस्त्रक्रिया होते आणि चांगली होते. फक्त डोळा किमान तीन महिने शांत असावा लागतो, आणि काहींना शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस पुन्हा स्टिरॉइड सुरू करावं लागतं. शिबिरात नाव लागलंय, गाडी न्यायला येणार आहे, म्हणून ही मुदत मोडू नये. शिबिराच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं, या डोळ्यात आतली सूज येऊन गेली आहे.